एका उंदराची भीती दुसऱ्याला लागू नये म्हणून बॉक्स कसा पुसायचा

मुंबईत फार्मसी करताय आणि ओपन फील्ड टेस्ट (उंदराला मोकळ्या बॉक्समध्ये सोडून तो किती घाबरतो ते बघायची चाचणी) लावायचीय, तर आधी बॉक्स पुसायला शिका, खरंच. उंदीर घाबरला की शेपटीखालच्या भागातून अलार्म फेरोमोन, म्हणजे इतर उंदरांना धोक्याचा इशारा देणारा वास, सोडतो, ४-मिथाइलपेंटनाल आणि हेक्सनाल मिळून तो बनतो हे जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. मग पुढचा उंदीर, ज्याला कोणी हातही लावलेला नाही, तो कोपऱ्यात चिकटून बसतो, अंग लांब ताणून हुंगत राहतो, दचकतो जास्त, आणि आपण समजतो औषधाने चिंता वाढली!

माझा अख्खा एक दिवस असाच वाया गेलाय, म्हणून सांगते. प्रत्येक उंदरानंतर लेंड्या उचला, लघवी टिपा, मग ७० टक्के अल्कोहोलने तळ आणि भिंती, कोपरे तर दोनदा, आणि पूर्ण सुकू द्या. जुलैत इथल्या दमट हवेत ते लवकर सुकत नाही, घाई करू नका प्लीज, अल्कोहोलचा वासही त्यांना त्रास देतो. ग्लोव्हज बदला. इंजेक्शन शेजारच्या खोलीत द्या, टेस्टच्या खोलीत नको.

आणि टेस्टनंतर त्याला एकटं ठेवू नका, शांत सोबती जवळ असला की भीती कमी होते.