नवरा पोलिसात आहे आणि पितोय, तर घरच्यांनी काय करायचं
मी पोलीस लाईनीतच राहते, म्हणून लिहितेय. गणपतीचा बंदोबस्त संपवून माणूस सकाळी घरी येतो, बूट काढायच्या आधी बाटली काढतो, आणि आपण म्हणतो जाऊदे दमलाय. मी पण हेच म्हणायचे, तीन वर्षं!

पहिलं म्हणजे प्यायलेला असताना विषय काढूच नका, काही उपयोग नाही. वीकली ऑफच्या सकाळी, चहा घेताना, पोरं शाळेत गेल्यावर बोला. पोलीस ठाण्यात फोन करून "ह्यांना ताप आहे" सांगणं बंद करा, त्याची दारूची उधारी फेडणं पण बंद.

आणि हे नीट वाचा, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास पण होतात, त्यामुळे आधी डॉक्टर. जेवणात गुपचूप दारू सोडवायचं औषध मिसळायचा सल्ला देणारे लाईनीत चिक्कार भेटतील (सासूबाई पण त्यातल्याच), पण वरून दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

फोन करायचा तर 14446, व्यसनमुक्तीसाठीच आहे. मन थाऱ्यावर नसेल तर टेलिमानस 14416. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासूनचं. तो यायला तयार नसला तरी तुम्ही एकट्या जा, अल-अनॉनच्या मिटिंगा पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात.

पिस्तूल घरी येत असेल आणि तो मरायची भाषा करत असेल तर मात्र लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा, शस्त्र जमा करून घ्या म्हणावं.