मुरमाच्या खाणीत पाणी धरायचे तर

रस्त्याला मुरूम लागतो आणि रस्ता झाला की मागे खाण उरते. आमच्या अंबड भागात मोसंबीच्या बागेच्या वरच्या अंगाला अशीच एक पडून होती. आता तिच्यात बागेचे उन्हाळ्याचे पाणी असते. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. ज्याच्या रानात अशी खाण आहे त्याने ती पडीक ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. पण पोकलेन बोलावून आधी खोल करायला घेऊ नका. आपल्याकडे मुरमाखाली मांजऱ्या, म्हणजे मऊसर खडक, आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण अखंड असेल तर तोच तुमचा तळ. ब्रेकरने तो फोडला की पैसे देऊन गळती विकत घेतली.

एक पावसाळा खाण नुसती बघा. श्रावणात भिंतीतून पाणी कुठे पाझरून आत येते, तिथे चुन्याची खूण करा. दिवाळीनंतर बहुधा तिथूनच ते बाहेर पडते. दसऱ्यानंतर पाऊस थांबला की खाणीत सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवा. शेजारी एक बादली भरून पाण्यात अर्धी बुडेल अशी ठेवा. बादलीत जेवढे उतरले ते उन्हाने नेले. खाणीत त्याहून जास्त उतरले ते झिरपले. आठवडाभर हे लिहून ठेवा. पुढचा सगळा खर्च या वहीवर ठरवायचा. झिरपा फार असेल आणि खालच्या अंगाला गावाच्या विहिरी असतील, तर खाण तशीच राहू द्यावी, असे माझे मत आहे. ते पाणी विहिरींना मिळते.

मग हिशेब. वर ४० बाय ३० मीटर आणि ४ मीटर खोल खाण पाहिली की लोक ४८ लाख लिटर धरतात. पण उभ्या कडा ढासळतात. त्यांना एकास दोन ढाळ, म्हणजे मीटरभर खोलीला दोन मीटर आडवा उतार, द्यावाच लागतो, आणि वरचे माप तेवढेच ठेवून ढाळ दिला तर तळ २४ बाय १४ उरतो, पाणी २९ लाख लिटर. त्यातलाही साधारण तिसरा हिस्सा मेपर्यंत ऊन पिते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. ६०० मिलिमीटर पावसातले १५ टक्के वाहून आले, तर हेक्टरी ९ लाख. म्हणजे ही खाण भरायला वरचे आठेक एकर रान हवे. तेवढा उतार खाणीकडे नसेल तर पुढचे काम करू नका.

तळाचा पाषाण पाणी धरतो आणि फक्त कडा गळतात, असे दिसले तर काम स्वस्तात होते. गळत्या बाजूला कडेपासून थोडे मागे, पाषाण लागेपर्यंत मीटरभर रुंद चर खणून काळी माती थराथराने दाबून भरायची. अमेरिकेत डेन्व्हरजवळ साउथ प्लॅट नदीकाठच्या खडीच्या खाणी अशाच कडेने चर भरून पाणीसाठे केल्या आहेत. तिथे चरात बेंटोनाइट मिसळतात. बेंटोनाइटमधली फुगणारी चिकणमाती आपल्या काळ्या रानातही आहे.

तळही गळत असेल तर पूर्ण अस्तर. वर सांगितलेल्या मापाच्या खाणीला ६० सेंटिमीटर जाडीने दाबून पावणेतीनशे ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागते, म्हणजे सैल साडेतीनशे ब्रास धरा. तलावाचा गाळ चालतो, पण चिकट हवा, रेताड नको. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये, एवढाच ओलावा. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर, प्रत्येकावर रोलर. पोकलेन वरून फिरवली की दबते, हे खरे नाही. चेनमुळे तिचे वजन पसरते. शेवटी वर फूटभर मुरूम पसरा, नाहीतर पाणी उतरल्यावर काळी माती भेगाळते. तळाशी अर्धा मीटर पाणी कायम ठेवा.

५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर लवकर होते, पण ज्या खाणीत श्रावणात खालून पाणी येते तिथे कागद फुगून वर येतो. अशा जागी मी तो सुचवणार नाही.

पाणी आत येते त्या तोंडाशी गाळ बसायला एक खड्डा, त्याच्या पुढे दगडी पिचिंग. जादा पाणी बाहेर जायचा सांडवा मूळच्या घट्ट जमिनीत काढा, भरावावर कधीच नाही. निघालेला मुरूम बांधाला वापरा. बाहेर न्यायचा तर तहसीलचा परवाना लागतो. गायरानातली खाण असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि महसूलची परवानगी घेतल्याशिवाय हात लावू नका.

कुंपणाला मात्र पुढच्या वर्षाची मुदत देऊ नका. खाणीत पोरे बुडतात. जाळीचे कुंपण, एका कडेला पायऱ्या आणि काठाला पक्के बांधलेले, पाण्यापर्यंत पोचणारे दोर पहिल्या पावसाआधी हवेत.

पहिल्या वर्षी खाण निम्मीच भरू द्या आणि खालच्या बांधाला ओल दिसते का, ते रोज पाहा. बादली-काठीची चाचणी पुन्हा घ्या. डिसेंबरात काठीवर किती पाणी उरले ते बघूनच मोसंबीचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीची फुले) धरायचा की मृग बहार (जून-जुलैची), हे ठरवा.