वाट सोडून गॉथिक लाइनवर: इंदूरकरांनी इटलीतला हा डोंगर कसा करायचा

इटली म्हटलं की आपल्या इंदुरात लोकांना व्हेनिसची होडी आणि पिसाचा झुकलेला मनोरा आठवतो, पण १९४४-४५ मधे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं याच देशाच्या डोंगरात चिखल तुडवत होती हे सांगितलं की समोरचा हमखास "काय सांगतो भिया" म्हणतो. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात एकटे मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच मारले गेले, नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर दोन जखमींना उचलून काठावर आणलं आणि मग एकट्यानेच मशीनगनच्या चौक्या संपवल्या, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. या दोन जागांच्या मधे अ‍ॅपेनाइन्सची धार आडवी आहे, आणि त्या धारेवर जर्मनांनी बांधलेली शेवटची मोठी तटबंदी म्हणजे गॉथिक लाइन, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर. पूर्ण लाइन करायची गरज नाही. आपल्या कामाचा तुकडा छोटा आहे.

कुठला तुकडा, तर फ्लॉरेन्सच्या ईशान्येला दोन घाटरस्ते आहेत, एक कोल्ला दी कासालिया खिंडीतून (९१३ मीटर) मार्रादीकडे उतरतो आणि दुसरा मुरालिओने खिंडीतून (९०७ मीटर) फोर्लीकडे. सप्टेंबर १९४४ मधे या दोन रस्त्यांच्या मधल्या, धड रस्ता नसलेल्या डोंगरातून आठवी इंडियन डिव्हिजन चढली आणि १८ सप्टेंबरला फेम्मिना मोर्ता नावाचा उंच माथा तिच्या ताब्यात आला. १/५ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, याच डिव्हिजनमधली. म्हणजे इथे वाट सोडून चालण्याला नुसत्या हौसेपलीकडे एक कारण आहे, ते लोकही वाटेने गेले नव्हते.

जायला सोपं आहे. फ्लॉरेन्सहून फाएन्झाला जाणारी एक छोटी रेल्वे लाइन आहे, तिला फाएन्तीना म्हणतात, ती थेट या डोंगराच्या पोटातून जाते, क्रेस्पिनो देल लामोने किंवा मार्रादीला उतरायचं. पण मे २०२३ च्या पुरात या भागात भयंकर दरडी कोसळल्या आणि नंतरही ही लाइन अधूनमधून बंद पडत असते, तेव्हा आदल्या दिवशी ट्रेन चालू आहे की बदली बस आहे ते बघा, आणि पायवाटांचंही तेच, नकाशावर दिसते म्हणून वाट जागेवर असेलच असं नाही, गावातल्या बारमधे कॉफी पिता पिता विचारून घ्या, तिथले म्हातारे लोक फोनपेक्षा जास्त अपडेटेड असतात.

क्रेस्पिनोला उतरलात तर लगेच चढायला लागू नका. जुलै १९४४ मधे या गावात आणि आसपास जर्मन सैन्याने चाळीसहून जास्त साध्या लोकांना मारलं, त्यांचं स्मारक आहे तिथे. ज्या डोंगरात आपण बंकर शोधत फिरणार त्या डोंगरात कोणाचे आजोबा गेलेत हे माहीत असलं की मग खंदकात उभं राहून सेल्फी वगैरे आपोआप सुचत नाही.

सीझन: मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमधे दुपारी ढग गडगडतात आणि धारेवर विजेची भीती असते, ऑक्टोबरात रंग सुंदर पण बीच नावाच्या झाडांची पानं इतकी साचतात की खालचा खड्डा दिसत नाही, आणि शिकारीचा सीझन सुरू होतो. रानडुकराची हाकाटी करून शिकार करतात तिथे, अजिबात हलक्यात घेऊ नका. इटलीत मंगळवार आणि शुक्रवारी कायद्याने शिकार बंद असते, शरद ऋतूत गेलात तर वाट सोडायचे दिवस हेच दोन, बाकी दिवशी वाटेवरच, आणि भडक नारिंगी जॅकेट दोन्ही वेळेला.

तयारी इंदुरातच होते, त्यासाठी हिमालय गाठायला नको. जानापाव, चोरल, जाम गेट ही आपली विंध्याची बाजू चांगली आहे, फक्त रील काढायला जातो तसं नाही तर पाठीवर आठ-नऊ किलो घेऊन. पायऱ्यांनी जानापाव चढणं ही प्रॅक्टिस नाही. नकाशावर एक सोंड (मुख्य डोंगरातून खाली उतरणारी धार) निवडा, होकायंत्राने दिशा घ्या, फोन खिशात ठेवा आणि ठरवलेल्या झाडाशी पोचता का बघा (जंगलखात्याची परवानगी लागते तिथे ती काढून). पातालपानीच्या रुळांवरून चालणं हा ट्रेक नव्हे, ते बंद करा बरं. आणि एक रविवार महूच्या इन्फन्ट्री म्युझियमला द्या, घरापासून तासाभरावर आहे तरी निम्म्या इंदूरने बघितलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट, वाट सोडायची कशी. धारेवरून ०० नंबरची वाट जाते, झाडांवर-दगडांवर लाल-पांढरे पट्टे, ते इटालियन अल्पाइन क्लबचं मार्किंग. ही तुमची वरची रेषा. खाली दरीत डांबरी रस्ता किंवा जंगलातला गाडीरस्ता असतो, ती खालची रेषा. वाट सोडायची ती फक्त या दोन रेषांच्या मधे, म्हणजे कितीही भरकटलात तरी वर गेलं की धार आणि खाली गेलं की रस्ता लागणारच, आणि हा तुकडा आदल्या रात्री कागदी नकाशावर पेन्सिलने काढून ठेवायचा, १:२५,००० चा नकाशा घ्या, ऑफलाइन मॅप फोनमधे असला तरी कागद हवाच कारण दरीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी भरभर उतरते.

दुसरा नियम: चढताना वाट सोडा, उतरताना वाटेवर या. याचं कारण तिथल्या दगडात आहे. वालुकाश्म आणि चुनखडी मातीचा ठिसूळ मार्ल असे थरावर थर रचलेले आहेत, मार्ल झिजतो आणि वालुकाश्माची कडा पुढे राहते, त्यामुळे एका बाजूने डोंगर मवाळ उतरतो आणि दुसऱ्या बाजूने पायऱ्या-पायऱ्यांचा कडा. खालून चढताना कडा समोर दिसतो, वळसा घालता येतो. वरून उतरताना झाडीत काही दिसत नाही आणि एकदम पायाखाली दहा-पंधरा फुटांची उडी येते. घळीत तर उतरूच नका, आपल्या सह्याद्रीतल्या नाळेची सवय असलेल्यांना मोह होतो, पण तिथल्या ओढ्यात प्रत्येक वालुकाश्माच्या थरावर छोटा धबधबा आहे, आणि ओला मार्ल म्हणजे साबण. सोंड धरा, सोंडेच्या माथ्यावरून चला, रानडुकरांच्या पायवाटा मिळतात त्या बऱ्या असतात.

वेळेचं गणित, ॲप जेवढा वेळ सांगेल त्याच्या दुप्पट धरा आणि परतायची वेळ घड्याळात लावून टाका, ती वाजली की समोर बंकर दिसत असला तरी वळायचं. सप्टेंबरअखेर सातच्या सुमारास सूर्य मावळतो पण बीचच्या जंगलात त्याच्या आधीच अंधार. तिघांपेक्षा कमी जाऊ नका, कुठून कुठे जाणार ते मुक्कामाच्या मालकाला लिहून द्या. इमर्जन्सीला ११२. पूर्वेला मुरालिओनेकडे जाताना फोरेस्ते कासेन्तिनेसी नॅशनल पार्कची हद्द लागते, ती लागली की वाट सोडणं बंद, तिथे नियम वेगळे आहेत.

काय दिसेल? काँक्रीटचे मोठे किल्ले डोक्यात असतील तर काढून टाका. ऐंशी वर्षांत खंदक भरून गुडघाभर खोल नागमोडी चर उरलेत. सरळ चर दिसला तर तो बहुतेक पाण्याचा किंवा जुन्या वाटेचा, लढाईचा खंदक वाकडातिकडा असतो, म्हणजे एक गोळी किंवा स्फोट सगळी लाइन साफ करू शकत नाही. गोळीबाराच्या जागा दक्षिणेकडे तोंड करून, कारण शत्रू तिकडून येणार होता, आणि झोपायचे-लपायचे खड्डे धारेच्या मागे उत्तर उतारावर, म्हणून धारेच्या दोन्ही बाजू बघा, बरेच लोक एकच बाजू बघून "काहीच नाही यार" म्हणत परत येतात. गोल सपाट जागा दिसली की लगेच तोफेचं ठाणं म्हणून फोटो टाकू नका, पायाने पानं बाजूला सारून माती बघा, काळी असेल तर ती कोळसा पाडणाऱ्यांची भट्टी, या जंगलात त्या खूप आहेत आणि युद्धाच्या कितीतरी आधीच्या. दगडी बांधाची रुंद जुनी वाट मात्र नीट बघा, ती खेचरांची. आपल्या इंडियन आर्मीच्या खेचर कंपन्यांनी या डोंगरांत दारूगोळा आणि रेशन वाहिलं, जिथे जीप हरली तिथे खेचर.

आणि लोखंड दिसलं की हात मागे. गंजलेला, मातीत अर्धा रुतलेला, बाटलीसारखा, डब्यासारखा, काहीही असो, उचलायचं नाही, काठीने टोचायचं नाही, हलवून फोटो घ्यायचा नाही. लांबून लोकेशन नोंदवा, आल्या पावली मागे फिरा, ११२ ला कळवा. इटलीत आजही जुने बॉम्ब निघतात आणि गंजल्याने ते जास्त बेभरवशाचे झालेले असतात. म्हणूनच अशा जागी शेकोटी नाही (तशीही जंगलात मनाई आहे), तंबूचे खुंटे नाहीत, मुक्काम गावातच. मेटल डिटेक्टर नेऊच नका. आणि "एक छोटंसं काडतूस शोकेससाठी" असं ग्रुपमधला कोणी म्हणाला तर त्याला एअरपोर्टच्या स्कॅनरची आठवण करून द्या.

बाकी किरकोळ. फुल पँट, फुल बाही, रात्री अंगावर गोचीड शोधायची. मेंढ्यांचा कळप आणि पांढरे मोठे कुत्रे दिसले की लांबून वळसा, पळायचं नाही, दगड उचलायचा नाही. गुरांचं फाटक उघडलं तर लावा. धारेवर पाणी फार नाही, माणशी तीन लिटर खालूनच न्या.

खाण्याचं म्हणाल तर डोंगराच्या फ्लॉरेन्सकडच्या मुजेल्लो भागात बटाट्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली मिळतात, शाकाहाऱ्यांची चैन, फक्त वरचा सॉस बहुतेक मांसाचा असतो तेव्हा "सेन्झा कार्ने" म्हणजे मांस नको असं आधीच सांगा. पलीकडे फाएन्झा-फोर्लीच्या रोमान्या भागात उतरलात की पियादीना, आपल्या पोळीची चुलतबहीण. इंदूरहून शेव न्या, कोरडे पोहे न्या, पण तूप, पेढे, मावाबाटी नेऊ नका, युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सराफ्यातून प्रेमाने बांधून घेतलेला डबा कस्टम्सवाला काढून घेईल आणि वरून तुम्हालाच ऐकवेल. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं मेडिकल इन्शुरन्स लागतं, पण त्यात डोंगरातलं रेस्क्यू धरलंय का ते बारीक अक्षरात वाचा, बहुतेक स्वस्त पॉलिसीत ट्रेकिंगच वगळलेलं असतं.

एक दिवस हातात ठेवा. फाएन्झाहून फोर्ली ट्रेनने अगदी जवळ, तिथे इंडियन आर्मी वॉर सेमेटरी आहे आणि तिच्यातच दहन झालेल्या जवळजवळ ८०० भारतीय सैनिकांचं स्मारक. जायच्या आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर मराठा लाइट इन्फन्ट्री टाकून नावं काढा, कित्येक नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं, सातारा-रत्नागिरीकडची मूळ गावं असलेली आपल्या इंदुरातली घरं काही कमी नाहीत, यादी घरच्या मोठ्यांना वाचून दाखवा, एखादं गाव ओळखीचं निघालं तर कुठलं पॅनल बघायचं ते लिहूनच न्या, कारण तिथे उभं राहून फोनवर शोधत बसलात तर संध्याकाळची ट्रेन चुकते.