नदी वाचवायचीय? मग सुरुवात डोंगरमाथ्यावरून करा

नदी साफ करायची म्हटलं की आपण सगळे सकाळी सकाळी हातमोजे घालून काठावर जमतो, दोन तासांत ढीगभर पोती प्लास्टिक काढतो, ग्रुप फोटो होतो, घरी येतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात तेवढंच प्लास्टिक वरून वाहत परत येतं. मी स्वतः चार वर्षं हेच केलं. ते वाया गेलं असं नाही म्हणणार, माणसं त्यातूनच जोडली गेली, पण नदी काही सुधारली नाही, कारण तिचं दुखणं वर होतं. उघड्या पडलेल्या उतारावर, बुजवलेल्या ओढ्यात, कुठल्यातरी पाइपच्या तोंडाशी. त्यामुळे ज्यांना खरंच चारपाच वर्षं चिकटून काम करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं काम पाणलोट ओळखायचं. पाणलोट म्हणजे जिथे जिथे पडलेला पाऊस उतारावरून घरंगळत शेवटी तुमच्या नदीतल्या एका ठरावीक जागेशी येतो तो सगळा भाग. मोबाईलवर उंचसखलपणा दाखवणारा नकाशा उघडा, ती जागा धरा आणि आजूबाजूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून रेघ ओढत परत तिथेच या, झाला तुमचा पाणलोट. नदी मोठी असेल तर अख्खी घेऊ नका, तिला मिळणारा एकच ओढा निवडा, 500 ते 1000 हेक्टरचा, एवढं चालून बघता येतं आणि तिथली माणसं नावानिशी ओळखता येतात.

मग तो चाला. दोनदा चाला, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा पाऊस चालू असताना (ओढ्यात उतरायचं नाही, वरून बघायचं). पावसात कळतं की गढूळ पाणी नेमकं कुठल्या वावरातून, कुठल्या रस्त्याकडेने येतंय. आणि कोरड्या दिवसांत कळतं ते त्याहून मोलाचं, कारण पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या गटारातून ऐन उन्हाळ्यात पाणी येत असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी सांडपाणी जोडलेलं असतं, नाहीतर पाइप फुटलेला असतो. अशा प्रत्येक जागेचा फोटो, तारीख, वेळ आणि लोकेशन वहीत चढवा. सोबत एखादं जुनं जाणतं माणूस न्या, डोह कुठे होते, झरा कुठे फुटायचा हे त्यांनाच माहीत असतं.

आता थोडं मोजमाप, हे टाळू नका प्लीज. काम सुरू करायच्या आधीचं वर्षभराचं रीडिंग नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे तुम्हालाही कळत नाही आणि दुसऱ्यालाही दाखवता येत नाही. प्रवाह मोजायला एक संत्रं पुरतं. सरळ पात्राचा 10 मीटरचा तुकडा आखा, संत्रं सोडा, किती सेकंद लागले ते तीनचारदा मोजून सरासरी काढा. समजा 20 सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर, पण पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून त्याला 0.85 ने गुणायचं. रुंदी 4 मीटर आणि सरासरी खोली 30 सेंटिमीटर असेल तर वेग, रुंदी आणि खोली गुणून हिशेब येतो सेकंदाला साधारण 510 लिटर. दर महिन्याला त्याच जागी मोजा. पाऊस थांबल्यावर प्रवाह किती दिवस टिकतो, हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जमिनीत किती पाणी मुरलं ते तोच सांगतो.

पाण्याची तब्येत बघायला दगड उलटे करा. खरंच. दगडाखाली पोटाच्या कडेने पिसांसारखे कल्ले असलेली आणि दोनतीन शेपट्यांची मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं दिसली, किंवा वाळूच्या कणांचं छोटं नळकांडं अंगाभोवती बांधून राहणारी कॅडिसफ्लाय या किड्याची अळी दिसली, तर तिथे ऑक्सिजन बऱ्यापैकी आहे. नुसत्या लाल अळ्या आणि लाल किडेच वळवळत असतील तर पाणी गुदमरलेलं आहे. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट मिळालं तर पहाटे मोजा, कारण रात्रभर शेवाळ आणि जीवजंतू तो वापरत असतात आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली जायला लागला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवा.

आता प्रत्यक्ष काम, आणि ते माथ्याकडून पायथ्याकडे, उलटं नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं, म्हणजे 25 मिलिमीटरच्या एका सरीत एका हेक्टरवरून अडीच लाख लिटर, हे सगळं खाली एकवटल्यावर अडवायला जाल तर बांध फुटणारच. वरच त्याला हळू करायचं. उतार उघडा बोडका असेल तर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर खणायचे, आणि समतल रेषा काढायला ए-फ्रेम लागते, जी घरी बनते. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, मधे आडवी काठी, वरून दोरीला दगड लावून ओळंबा सोडा. जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीवर कुठे येते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर ठेवा, पुन्हा खूण करा, दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समतल. दोरी त्या मध्यावर येईल असे पाय पुढे पुढे टाकत जा आणि प्रत्येक पावलाला फक्की टाका. चराची माती खालच्या बाजूला रचायची, आणि त्या मातीवर लगेच गवताचं बी.

पण एक कळकळीची विनंती, डोंगर आधीच गवताने नीट झाकलेला असेल तर तिथे चर खणू नका. ते गवत चरापेक्षा चांगलं काम करतंय. तिथे फक्त चराई काही काळ थांबवणं आणि वणवा लागू न देणं एवढंच पुरतं. आणि जिथे दरड सरकायची भीती आहे अशा तीव्र उतारावरही चर नकोत, मुरलेल्या पाण्याने माती जड होऊन खाली येऊ शकते, अशा ठिकाणी जाणकाराला विचारल्याशिवाय कुदळ लावू नका.

ओघळींना सुट्या दगडांचे छोटे बांध घाला. आमचा पहिला बांध एका पावसात गेला, कारण आम्ही तो वरून छान सरळ रचला होता. बांध मधे खोलगट आणि दोन्ही कडांना उंच हवा, म्हणजे जादा पाणी मधून जातं, नाहीतर ते कडेची माती कापून बाजूने वाट काढतं आणि ओघळ होती त्याहून रुंद होते. उंची एक मीटरच्या आत ठेवा, तळ रुंद ठेवा, दोन्ही टोकं काठात घुसवा, आणि पाणी जिथे पडतं तिथे खाली सपाट दगड अंथरा. दोन बांधांत किती अंतर ठेवायचं असं विचाराल तर खालच्या बांधाचा माथा साधारण वरच्या बांधाच्या पायाच्या लेव्हलला आला पाहिजे. दगड सुटे पडलेले घ्या, उतारात रुतलेले उपटू नका, त्यांनीच माती धरून ठेवलीय.

काठावर स्थानिक झाडंच लावा. पाण्यालगत मुळांचं जाळं करणारं गवत, वाळ्यासारखं, त्यामागे झुडपं आणि त्यामागे मोठी झाडं, जमेल तिथे निदान 10 मीटरचा पट्टा. सावली पडली की पाणी थंड राहतं आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. पहिली दोनतीन वर्षं पाणी द्यायला माणूस नेमलेला नसेल तर रोपं लावू नका, शंभर जगवलेली झाडं हजार मेलेल्यांपेक्षा बरी. पात्रात मशीन लावून सरसकट खोलीकरण करणं, काठाला काँक्रीटच्या भिंती उभ्या करणं याला मात्र ठाम विरोध करा, गुळगुळीत सरळ पात्रातून पाणी जास्त जोरात पळतं आणि खालच्यांकडे पूर वाढतो, शिवाय जमीन आणि नदी यांच्यातली पाण्याची देवाणघेवाण तुटते.

जलपर्णी काढताय तर काढा, पण काढलेली काठावर सोडू नका, दूर नेऊन कंपोस्ट करा. आणि ती पुन्हा येणार हे धरून चाला जोपर्यंत सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहतंय. सांडपाणी हा भाग सगळ्यात चिवट आहे, श्रमदानाने तो सुटत नाही. तिथे तुमची वही कामाला येते. एकाच पाइपचे सहा महिन्यांचे तारखेसकट फोटो लावून लेखी तक्रार दिली की ती झटकून टाकणं अवघड जातं, पोच घ्या आणि दर महिन्याला जा. फेसाळ, रंगीत किंवा उग्र वासाच्या पाण्याला हात लावायचा नाही, नमुना ज्यांचं काम आहे त्यांना घेऊ द्या. काठावर काम करताना बूट, जाड हातमोजे आणि पायाला जखम असेल तर घरीच, लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून होतो.

माणसांबद्दल थोडं. वरच्यांनी पाणी अडवायचं आणि फायदा खालच्यांना, हे जोवर सगळ्यांसमोर बोललं जात नाही तोवर आतल्या आत धुसफूस राहते. म्हणून वरच्या शेतकऱ्याला पहिल्या मीटिंगला बोलवा, उद्घाटनाला नाही. ज्याच्या जमिनीत काम, त्याची संमती लेखी घ्या. आणि पाणी कसं वापरायचं याचे नियम पाणी यायच्या आधी ठरवा. राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात 1980 च्या दशकापासून लोकांनी जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी मातीच्या बांधाची तळी, बांधून बांधून अरवरी नदी पुन्हा वाहती केली, पण मला त्याहून शिकण्यासारखं वाटतं ते पुढचं, की सत्तरच्या आसपास गावांनी मिळून अरवरी संसद बनवली आणि कुणी किती उपसायचं याची चर्चा तिथे होऊ लागली. हे नसतं तर वाढलेलं पाणी चारदोन बोअरवाल्यांनी ओढून संपवलं असतं.

वेळ लागतो हेही आधीच सांगा. लंडनच्या थेम्सला 1957 मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हटलं गेलं होतं, आज तिच्या खाडीच्या भागात सील दिसतात, पण मधे कित्येक दशकं सांडपाण्यावर काम झालं. छोट्या ओढ्यात फरक लवकर दिसू शकतो, तरी पहिल्या वर्षी गढूळपणा थोडा कमी झाला तरी आनंद माना आणि वहीत लिहा.

आणि दरवर्षीचा पहिला मोठा पाऊस होऊन पाणी ओसरलं की दोन दिवसांत सगळे बांध बघून या. निखळलेले दगड परत बसवा, चरात साचलेला गाळ काढून चराच्या खालच्या बाजूला रचलेल्या मातीवर टाका, कुठे बाजूने पाणी फुटलंय का बघा. आम्ही प्रत्येक ओघळ एकेका घराला वाटून दिलीय आणि त्या घराचं नाव नकाशावर लिहिलंय, तेव्हापासून दुरुस्ती राहून जात नाही.