ड्युअल बूट लॅबमध्ये घड्याळ साडेपाच तास मागं का पडतं

एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही (ड्युअल बूट) असताना सकाळी 11:10 ला उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) बंद करून विंडोज लावलं आणि कोपऱ्यात 5:40 दिसलं, तर लगेच मदरबोर्डवरचा सेल बदलायला धावू नका. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ धड आहे, वाचणारे दोघं वेगळे आहेत. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) ठेवतं. उलट क्रमानं गेलात तर उबुंटू दुपारचे 4:40 दाखवतं. नेटवर्क मिळालं की ते स्वतःच सुधारतं, म्हणून ही चूक फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही.

डोमेनच्या लॅबमध्ये (जिथं सगळ्या पीसींचं लॉगिन एका सर्व्हरवरून चालतं) मात्र ती महागात पडते. कर्बरॉस (डोमेनमधली ओळख तपासणारी पद्धत) मूळ सेटिंगमध्ये 5 मिनिटांपलीकडचा फरक चालवून घेत नाही, मग सर्व्हरवरचा शेअर केलेला फोल्डर उघडत नाही. सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये सी प्रोग्रॅम करणाऱ्या पोरांना 'मेक' (प्रोग्रॅम बांधणारी कमांड) सांगतं की फाइल भविष्यकाळातली आहे.

उपाय एकाच बाजूनं करायचा. घरच्या एकट्या पीसीवर लिनक्सला भारतीय वेळेवर आणलं तरी भागतं, आपल्याकडं उन्हाळी वेळेची भानगड नाही. लॅबमध्ये विंडोजलाच यूटीसीवर आणा, कारण दुरुस्तीसाठी पेनड्राइव्हवरून लावलेलं लिनक्सही बहुधा यूटीसीच गृहीत धरतं. दोन्हीकडं बदल केलात तर चूक जागची हलत नाही, फक्त उलटी होते.

लॅबमधले पीसी फ्रीझ केलेले (रीस्टार्टला सगळे बदल पुसणारं सॉफ्टवेअर लावलेले) असतील तर आधी ते काढा, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) एचकेएलएम, सिस्टीम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन इथं जाऊन 32 बिटची डीवर्ड (आकडा ठेवणारी नोंद) बनवा: 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल', इंग्रजीत सलग, मध्ये जागा न सोडता. किंमत 1. चाळीस पीसींवर हातानं करत बसू नका, ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधल्या सगळ्या पीसींना एकदम सेटिंग देण्याची सोय) रजिस्ट्रीची नोंद पाठवा. त्यानंतर उबुंटूत 'टाइमडेटसीटीएल' चालवून 'आरटीसी इन लोकल टीझेड' (मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे का) पुढं 'नो' आहे का ते बघा. 'येस' असेल तर त्याच कमांडच्या 'सेट-लोकल-आरटीसी 0' नं बदला. टाइमझोन एशिया/कोलकाता.

आता बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत) वेळ साडेपाच तास मागंच दिसणार. नवा असिस्टंट ती 'दुरुस्त' करतो आणि सगळं पुन्हा बिघडतं. कॅबिनेटवर 'बायॉसमध्ये यूटीसी आहे, हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवा.

वेळ आणायची कुठून? एका लिनक्स सर्व्हरवर क्रोनी (नेटवर्कवरून वेळ घेणारं आणि वाटणारं सॉफ्टवेअर) टाका. वरचे स्रोत म्हणून एनआयसीचे (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) समय1 आणि समय2 डॉट एनआयसी डॉट इन द्या. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांतही एनआयसी किंवा एनपीएलचीच (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ सांगितली आहे. सर्व्हरला बाहेर जायला फायरवॉलमध्ये यूडीपी 123 (वेळेसाठीचा पोर्ट) उघडा, क्रोनीच्या फाइलमध्ये लॅबच्या पत्त्यांना 'अलाऊ' द्या आणि 'लोकल स्ट्रॅटम 10' लिहा. त्यामुळं नेट गेलं तरी सगळे पीसी एकमेकांशी जुळून राहतात, आणि आपल्याकडं नेट जाणारच. उबुंटूचे पीसी या सर्व्हरकडं वळवा. डोमेनमधल्या विंडोजला हातानं पत्ता देऊ नका. ते वेळ डोमेन कंट्रोलरकडून (डोमेन चालवणारा सर्व्हर) घेतात. फक्त पीडीसी एम्युलेटरला (बाकीच्यांना वेळ देणारा मुख्य डोमेन कंट्रोलर) या सर्व्हरचा पत्ता द्या. 'डब्ल्यू32टीएम'ला (विंडोजची वेळेची कमांड) स्रोत विचारल्यावर 'लोकल सीमॉस क्लॉक' आलं, तर त्या पीसीला नेटवर्कची वेळ मिळतच नाहीये.

फरक साडेपाच तासांचा नसून तारीखच काही वर्षं मागं गेली असेल, तर मात्र सेल गेला. रात्री लॅबचा मेन स्विच पाडला जातो, मे महिनाभर कुलूप असतं; तेवढा वेळ घड्याळ एकट्या सेलवर चालतं, म्हणून इथं तो लवकर उतरतो. सीआर2032, 3 व्होल्टचा. मल्टीमीटरवर 2.8 च्या खाली दिसला तर बदला. अधिक खूण वर. नंतर बायॉसमध्ये यूटीसीच भरा, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी कालची तारीख. बूट ऑर्डर आणि साटाचा (हार्डडिस्कच्या जोडणीचा) मोडही तिथंच तपासा: सेल काढल्यावर हा मोड डीफॉल्टला गेला, तर विंडोज सुरूच होत नाही आणि दोष हार्डडिस्कच्या माथी जातो.