बॅरोट्रॉमा: दहा मशीनं, दोन हात आणि पाणबुडी बुडू न देण्याची पद्धत

गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फाखाली जो समुद्र आहे त्यात पाणबुडी चालवायची, एवढाच बॅरोट्रॉमा या व्हिडिओ गेमचा विषय. फिनलंडच्या अंडरटो गेम्स आणि फेकफिश या दोन टीमनी तो बनवलाय, जून २०१९ मध्ये अर्ली ॲक्सेसला (म्हणजे अपूर्ण असतानाच खेळायला) आला आणि १३ मार्च २०२३ ला पूर्ण रिलीज झाला. पाणबुडी मधोमध उभी कापल्यासारखी दिसते, म्हणजे सगळ्या खोल्या, शिड्या, पंप, रिॲक्टर (वीज देणारी अणुभट्टी), तोफा एकदम समोर, आणि त्यात आपली छोटी माणसं पळत असतात. पाणी आत आलं की ती माणसं अक्षरशः चिंध्यांच्या बाहुलीसारखी वाहत जातात, आणि तेवढ्यात कोणीतरी विदूषकाचे कपडे घालून सायकलचा हॉर्न वाजवतं (खरंच, गेममध्ये हॉंकमदर नावाची देवता मानणाऱ्या विदूषकांचा एक पंथच आहे). मला हा गेम मनापासून आवडतो आणि पहिल्या दोन तासांत वैतागून सोडून देणारे लोक बघितले की वाईट वाटतं, कारण त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं की इथली मशीनं सुटी सुटी नाहीत, सगळी एकमेकांना बांधलेली आहेत.

म्हणजे कसं बघा. एका क्रॉलरने (समुद्रातला हल्ला करणारा प्राणी) खालच्या खोलीला भोक पाडलं, पाणी आलं, पाण्याने तिथला जंक्शन बॉक्स (वीज पुढे वाटणारा डबा) खराब झाला, त्या बॉक्सवरून ज्या पंपाला करंट जात होता तो बंद पडला, पंप बंद म्हणून पाणबुडी जड होऊन खाली जायला लागली, आणि कॅप्टन मात्र ओरडतोय की इंजिन बिघडलंय. इंजिनाला काहीच झालेलं नाहीये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, नव्या टीमचं नव्वद टक्के वेळा हेच होतं. त्यामुळे खाली जे सांगतोय ते सगळं या साखळीच्या हिशोबाने वाचा.

आधी एकट्याने खेळा

मेन मेनूतून ट्युटोरियल करा, कॅप्टन, इंजिनिअर, मेकॅनिक, सिक्युरिटी आणि डॉक्टर अशा भूमिकांची वेगवेगळी आहेत. किमान इंजिनिअर आणि मेकॅनिकचं तरी सोडू नका. मग सिंगल प्लेअर कॅम्पेन घ्या, त्यात आपण एका माणसातून दुसऱ्या माणसात उडी मारू शकतो आणि बाकीचे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेली माणसं, सांभाळतात. सुरुवातीला ड्युगाँग ही छोटी पाणबुडी बरी, कारण एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळायला फार वेळ लागत नाही. स्टेशन सोडायच्या आधी एक चक्कर मारा, रिॲक्टर कुठे, पंप कुठे, पाण्यात घालायचे सूट कुठे टांगलेत, वेल्डिंग टूल कुठल्या कपाटात. कंटाळवाणं वाटेल पण अंधारात गुडघाभर पाण्यात कपाटं उघडत बसण्यापेक्षा हे बरं.

रिॲक्टर

यावर थोडा जास्त वेळ घालवूया, कारण बाकी सगळं याच्या जिवावर चालतं. दोन स्लायडर असतात. फिशन रेट म्हणजे किती उष्णता तयार होतेय, आणि टर्बाइन आउटपुट म्हणजे त्या उष्णतेतून किती वीज काढतोय. ग्राफवर दोन रेषा दिसतात, पाणबुडी मागतेय तो लोड आणि आपण देतोय ते आउटपुट. टर्बाइन हलवून आउटपुट लोडजवळ आणायचं आणि फिशन हलवून काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा, बस. वीज कमी पडली तर इंजिन मंद होतं, पंप हळू चालतात. जास्त झाली तर जंक्शन बॉक्स जळायला लागतात, आणि जास्त वेळ तसंच राहिलं तर आगी लागतात. उष्णता वाढत गेली तर रिॲक्टर वितळू शकतो आणि तिथे मग कोणाचं काही चालत नाही.

ऑटोमॅटिकचं बटण आहे आणि नवीन असाल तर ते खुशाल चालू ठेवा, त्यात लाज नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा की ऑटोमॅटिक हळू वागतं. कॅप्टनने पूर्ण वेगातलं इंजिन एकदम थांबवलं की लोड धाडकन खाली येतो पण वीज अजून तेवढीच येत असते, आणि तो जास्तीचा करंट बॉक्सवर बसतो. म्हणून कॅप्टन आणि इंजिनिअर यांनी बोलत राहायचं, "थांबवतोय" एवढा एक शब्द पुरतो. आणि सगळे फ्युएल रॉड (रिॲक्टरच्या इंधनाच्या कांड्या) एकदम कोंबू नका, जितके जास्त रॉड तितकं तापमान पटकन पळतं, सुरुवातीला एका रॉडवर हात बसवा.

सुकाणू आणि बॅलास्ट

पाणबुडी वर-खाली जाते ती बॅलास्ट टाक्यांमधलं पाणी कमी-जास्त करून. सुकाणूवाला दिशा देतो, पंप आपोआप पाणी आत-बाहेर करतात, पण त्याला वेळ लागतो. त्यामुळे खडक दिसल्यावर वळायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो, वळण आधीच सुरू करायचं आणि आधीच सोडायचं. नुसतं थांबायचं असेल तर ऑटोपायलटमधलं जागा धरून ठेवण्याचं सेटिंग वापरा आणि हात मोकळे करा.

आणखी एक, जे बऱ्याच जणांना खूप उशिरा कळतं. खोल्यांत पाणी भरलं तरी पाणबुडी लगेच बुडत नाही, कारण बॅलास्ट रिकामा होत होत ते वजन भरून काढतो. बॅलास्ट पूर्ण रिकामा झाला की मग मात्र ती दगडासारखी खाली जाते, आणि ठरावीक खोलीच्या पुढे गेली की दाबाने बॉडीच फुटायला लागते. म्हणजे "अजून तरंगतोय की" हा काही सगळं ठीक असल्याचा पुरावा नाही.

सोनारबद्दल (आवाजाच्या लहरींनी आजूबाजूचं दाखवणारं यंत्र) थोडक्यात, ॲक्टिव्ह म्हणजे स्वतः आवाज सोडणारा ठेवला तर सगळं स्पष्ट दिसतं पण त्याचा आवाज प्राण्यांनाही जातो. मोकळ्या पाण्यात पॅसिव्ह (नुसता ऐकणारा), अरुंद जागेत ॲक्टिव्ह, मी तरी असंच करतो.

भोक पडलं की काय करायचं, याच क्रमाने

आधी दार बंद. खोलीत अडकलेल्याला बाहेर काढा आणि दार आणि हॅच दोन्ही लावा, मग पाणी एकाच खोलीत राहतं. सगळे उत्साहाने दारं उघडी टाकून मदतीला धावतात आणि एका खोलीचं पाणी तीन खोल्यांत जातं.

मग सूट. खोली पूर्ण भरली आणि बाहेरचा दाब आत आला की सूटशिवायचा माणूस काही सेकंदांत मरतो. सूटमध्ये ऑक्सिजनची टाकी आहे ना हे डोळ्यांनी बघा, कारण वेल्डिंग फ्युएलची टाकीही त्याच जागी बसते आणि ती लावून गेलेला परत येत नाही. आमच्या ग्रुपमध्ये हे एकदा घाईघाईत झालं, दोन्ही टाक्या एकाच कपाटात होत्या, तेव्हापासून आम्ही त्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो आणि कपाटाला लेबल लावतो.

मग वेल्डिंग. भोक बुजवा, आणि त्यानंतरच पंपाकडे बघा. भोक उघडं असताना पंप चालवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरण्याच्या बरोब्बर उलटी गोष्ट, पण तेवढीच वाया.

शेवटी जंक्शन बॉक्स. पाणी उतरल्यावर स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक तपासा. पंप आणि इंजिन पाण्याने वा मारामारीत खराब झाले असतील तर त्याला रेंच लागतो, विजेच्या वस्तूंना स्क्रूड्रायव्हर, ही दोन हत्यारं प्रत्येकाच्या खिशात हवीत. इलेक्ट्रिकल स्किल कमी असलेल्याने बॉक्स उघडला आणि जमलं नाही तर शॉक बसतो, म्हणून शक्यतो इंजिनिअरलाच बोलवा.

आग लागली असेल तर एक्स्टिंग्विशर, आणि जवळच्या ऑक्सिजनच्या टाक्या आधी हलवा, त्या फुटतात.

तोफा

पेरिस्कोपवर बसायचं आणि मारायचं, यात अवघड काही नाही. फक्त कॉइलगन या तोफेला गोळ्यांचा डबा लागतो आणि सुपरकपॅसिटर (तोफेसाठी वीज साठवणारं यंत्र) चार्ज असावा लागतो, आणि तो चार्जही रिॲक्टरवरूनच येतो. परत तीच साखळी.

बॉटना काम वाटून द्या

माणसं कमी असली की लोक स्वतःच सगळीकडे पळतात, नाकी नऊ येतात आणि एक ना धड भाराभर चिंध्या. ऑर्डरचं चक्र उघडून एका बॉटला रिॲक्टर द्या, एकाला गळती, एकाला तोफ. बॉट हुशार नाहीत पण चिकट आहेत, सांगितलेलं काम सोडत नाहीत. आपण मोकळं राहायचं आणि जिथे साखळी तुटलीय तिथे जायचं. कुठे तुटलीय हे शोधायची माझी पद्धत सोपी आहे: दिवे बघायचे. सगळीकडे अंधार असेल तर रिॲक्टर, एकाच भागात अंधार असेल तर तिथला बॉक्स, दिवे नीट असतील आणि तरी मशीन बंद असेल तर बिघाड त्या मशीनमध्येच.

मित्रांबरोबर

१६ जणांपर्यंत खेळता येतं, पण पहिल्यांदा चार-पाच पुरे. बोलताना "इकडे पाणी आलं" असं म्हणू नका, इकडे म्हणजे कुठे? खोलीचं नाव घ्या, "खालच्या एअरलॉकला पाणी, मी दार लावतोय". जो काम घेतो त्याने "घेतलं" म्हणायचं, म्हणजे तिघं एकाच भोकाकडे धावत नाहीत आणि रिॲक्टर रिकामा पडत नाही. डॉक्टर झालेल्याने मॉर्फीन जपून द्यावं, जास्त दिलं तर ओव्हरडोस होतो आणि जखमेने वाचलेला औषधाने जातो.

सर्व्हर सेटिंगमध्ये ट्रेटर म्हणजे गद्दाराचा पर्याय असतो, पहिल्या दोन-तीन मोहिमा तो बंदच ठेवा, आधी सगळ्यांना मशीनं कळू देत, मग गद्दारीची खरी मजा येते. आणि ग्रुपमध्ये एक जण विदूषक होऊन हॉर्न वाजवणारच, त्याला अडवू नका, फक्त त्याच्या हातात एक्स्टिंग्विशर द्या आणि आग ही तुझी जबाबदारी असं सांगून टाका. आमचा विदूषक आता आगीजवळ पोचला की दोनदा हॉर्न वाजवतो, विझली की एकदा, आणि रेडिओवरच्या गोंगाटात तो आवाज सगळ्यांना बरोबर ऐकू येतो.