वाचनालयात मुलांचा कार्यक्रम ठेवताय? आधी चाव्या

कपाटांच्या चाव्या. बाकीचं नंतर. गेल्या वर्षी ठाण्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात रविवारी सकाळी सव्वीस मुलं जमली, खजिनाशोधाच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या, मी जोरात ‘पळा!’ म्हटलं, आणि सगळी कपाटं बंद. ग्रंथपाल बाई बदलापूरला, साखरपुड्याला. फोनवर म्हणाल्या, ‘‘अहो, जुडगा माझ्या ड्रॉवरमध्येच आहे की.’’ आणि ड्रॉवरची चावी? ती त्यांच्या पर्समध्ये, म्हणजे तीही बदलापूरलाच. पुढचा अर्धा तास मुलं काचेला नाक लावून पुस्तकांचे कणे वाचत होती. हॉलची चावी मी आठवणीने आणली होती. कपाटांना वेगळी चावी असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही, तेव्हा बाईंना बोल लावायची सोय नाही.

तर तारीख. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला असतो म्हणून सगळे तोच धरतात. धरू नका. त्या सुमाराला बऱ्याच शाळांत सहामाही चालू असते, आणि उरलेल्या शाळा स्वतःच काहीतरी ठेवतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन मोठ्यांसाठी ठीक, पण दहावीवाल्यांना त्या वेळी कोणी घराबाहेर सोडत नाही. दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाका, जांभळी नाक्याकडून रिक्षा निघत नाही, तो दिवस बाद. स्टेट बोर्ड आणि सीबीएसईच्या चाचण्या एका आठवड्यात येत नाहीत, म्हणून दोन्हीकडच्या एकेका मुलाला विचारा. मुलालाच विचारा. आईबाबांना क्लासच्या वेळा पाठ असतात, मॅच कधी आहे ते माहीत नसतं. घोडबंदर रोडवरून येणारी मुलं असतील तर दहाचा कार्यक्रम साडेदहाला सुरू होणार, हे आत्ताच मान्य करून टाका.

वय. दहा ते बारा एकीकडे, तेरा ते सोळा दुसरीकडे. एकत्र बसवलंत तर मोठी मुलं मोबाइल काढतात आणि धाकटी मोठ्यांकडे बघत बसतात. पोस्टरवर ‘बालदोस्तांनो’ लिहिलंत की आठवीच्या पुढचं एकही पोर फिरकणार नाही. फुगे, जोकर, हसणारं पुस्तक, काही नको. कार्यक्रमाचं नाव मुलांनाच ठेवू द्या. आपल्याला विचित्र वाटेल, वाटू द्या.

करायचं काय? भाषण नाही. प्रमुख पाहुणे नाहीत. शाल-नारळाचे पैसे वडापावला ठेवा. मोठ्यांसाठी सगळ्यात रंगतो तो खोडकवितेचा खेळ: रद्दीतलं वर्तमानपत्राचं एक पान, एक जाड काळा मार्कर, हवे तेवढे शब्द ठेवायचे आणि बाकीचे खोडायचे. नववीतल्या एका मुलीने पाणीकपातीच्या बातमीतून ‘शुक्रवारी / पूर्ण शहर / थेंब थेंब / वाट पाहील’ एवढंच ठेवलं होतं. सगळे गप्प झाले, मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘आमच्या बिल्डिंगमध्ये रोजच शुक्रवार.’’ मार्कर दोघांत एक पुरतो. पानाखाली पुठ्ठा घ्या, नाहीतर टेबलावरही कविता उमटते.

धाकट्यांना खजिनाशोध. तुमच्याकडे ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देऊन, पुस्तकं लावलेली असतील तर चिठ्ठीवर नुसता आकडा द्या: ५२३ ला ग्रहतारे, ६४१ ला खाणंपिणं, ७९६ ला मैदानी खेळ, ९५४ ला भारताचा इतिहास. ही पद्धत १८७६ सालची आहे हे सांगितलं तर कोणी ऐकत नाही, पण ७९६ ला क्रिकेट आहे म्हटलं की धावतात. नुसता दाखल क्रमांक (पुस्तक आलं त्या ओळीने दिलेला) असेल, आमच्यासारखा, तर ‘तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, लाल कण्याचं’ अशी खूण लिहा. आणि ते तिसरं कपाट उघडं आहे का ते बघा. चाव्या. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, स्वतःच्या हाताने प्रत्येक कुलूप उघडून बघा. आमच्या चौथ्या कपाटाची चावी फिरते, पण दार खालून ढोपराने दाबल्याशिवाय उघडत नाही. हे जुडगा हातात आल्यावरच कळतं. ‘बाई येणार आहेत’ ही तयारी नव्हे. बाईंनाही घर आहे.

वेळ उरला तर कागदात गुंडाळलेली पुस्तकं ठेवा, वर तीन शब्दांची खूण. जे उचलाल ते घरी. त्यासाठी त्या दिवसापुरती अनामत माफ करायची परवानगी कार्यवाहांकडून आधी घ्या, लेखी घ्या, आणि देवघेवीच्या रजिस्टरपाशी एक माणूस बसवा. नाहीतर मूल पुस्तक छातीशी धरून उभं, आणि आपण ‘वर्गणी भरली का?’ विचारतोय.

पालकांना हॉलमध्ये बसू देऊ नका. ‘सांग ना बाळा, तुला येतंय की’ एकदा ऐकू आलं की खेळ संपला. चहाला पाठवा. मुलांचे फोटो विचारून काढा. पेपर वाचायला रोज येणाऱ्या आजोबांना दोन दिवस आधी सांगा, त्यांची खुर्ची हलवू नका.

पाणी, पंखे, बाथरूम, प्रथमोपचाराची पेटी. समजलं असेल.

त्या दिवशी: नऊला पोचा, कपाटं उघडा, मग चप्पल-बुटांचं बघा. दीड तासात संपवा, मुलं अजून थांबायचं म्हणाली तरी.

नंतर: कचरा. पुस्तकं जागेवर. घरी नेलेल्यांची यादी. कुलपं ओढून बघा. जुडगा बाईंच्याच हातात, वॉचमनकडे नाही.